मुकटी आणि पाळधी

ज्योती, काल तुझी यादी सापडली. कॉलेजातल्या तुझ्या कपाटात नव्हती, घरातल्या पुस्तकांत नव्हती. तुझ्या आईच्या, अक्कांच्या शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीखाली घडी करून ठेवली होतीस. मला शिवणकामाचं वावडं आहे, तिथे मी कधीच हात घालणार नाही, हे तुला पक्कं ठाऊक होतं.

तू गेल्यानंतरचं गंधमुक्तीचं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी धुळ्याला आले ती यादीसाठीच. लोक भेटायला येतात ते माणसांसाठी. मी कागद शोधायला आले, आणि याची लाज वाटत असतानाही खण उघडत राहिले. यादी मिळाली तेव्हा आधी जीव भांड्यात पडला. मग मी ती वाचली. आता वाटतं, सापडली नसती तर बरं झालं असतं.

तू नेहमी म्हणायचीस, "कल्पना, तू निष्कर्ष आधी सांगतेस आणि प्रयोग मागाहून." तर आज पहिल्यापासून सांगते. तुला सगळं माहीत आहे, पण मला क्रमाने सांगितल्याशिवाय शेवटाकडे जाता येत नाहीये.

सुरुवात तुमच्या घराच्या भिंतीपासून झाली. हायवेच्या चौकातलं घर, समोर सिग्नल, दिवसभर ट्रक तिथे येऊन ब्रेक मारणार. अक्का दर दिवाळीला भिंतीला पांढरा रंग द्यायच्या आणि होळीपर्यंत ती काळपट व्हायची. सगळे म्हणायचे, धुराने झाली. तू एक दिवस ती काजळी कागदावर खरवडून घेतलीस आणि खालून फ्रिजवरचं चुंबक फिरवलंस. काजळीचा बराचसा भाग चुंबकाच्या मागे चालायला लागला. तू मला जळगावला फोन करून म्हणालीस, "हा धूर नाही गं. हे लोखंड आहे. हे ब्रेकमधून येतंय."

तिथून आपण दोघी त्यात पडलो. ब्रेक दाबला की चाकामागची लोखंडी डिस्क आणि तिच्यावरचं पॅड एकमेकांवर घासतात, दोघांची बारीक धूळ उडते, इतकी बारीक की नाकातल्या केसांना जुमानत नाही. उद्या सगळ्या गाड्या बॅटरीवर चालल्या तरी ब्रेक मारायच्या थांबणार नाहीत. आपला विचार साधा होता. डिस्कवर सिरॅमिकचा पातळ, कडक थर द्यायचा. थराने लोखंडाला घट्ट धरलं तर डिस्क झिजणार नाही आणि धूळ कमी. थर सुटला तर आगीतून फुफाट्यात, कारण मग त्या थराचीच धूळ. सगळी गोम धरण्यात होती. थर देण्याचं काम तू धुळ्याच्या लॅबमध्ये करायचीस. मी जळगावात मोटारीवर डिस्क फिरवून, ब्रेक लावून, उडालेली धूळ कागदी फिल्टरवर गोळा करायची आणि फिल्टर आधी किती वजनाचा होता, नंतर किती झाला हे मोजायची.

ते वजन करणं ही जळगावच्या मे महिन्यात शिक्षाच असते. तराजू इतका नाजूक की पंखा चालू ठेवला तर आकडा नाचतो. पंखा बंद, खिडकी बंद, श्वाससुद्धा बेताने. घामाचा थेंब तराजूवर पडू नये म्हणून मी कपाळाला ओढणी बांधून बसायची. तू एकदा तशी मला पाहिलीस आणि पोट धरून हसलीस. म्हणालीस, केळीच्या बागेत मजुरीला आलेली बाई वाटतेस. मी म्हटलं, माझ्या बापाची बाग आहे, मजुरीला लावली तर तुलाच लावीन.

पहिल्या वर्षी आकडे आले ते डोळे दिपवणारे. थर दिलेल्या डिस्कची धूळ साध्या डिस्कपेक्षा कितीतरी कमी. आपण पेपर लिहिला, तो स्वीकारला गेला. माझ्या कॉलेजने माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, वर्तमानपत्रात फोटो आला, मुक्ताईनगरहून माझे वडील, आबा, मुद्दाम पांढरे कपडे घालून आले आणि पहिल्या रांगेत बसले. मी भाषणात तुझं नाव दोनदा घेतलं, हे तू नंतर मोजून सांगितलंस.

मग तू मे महिन्यात आलीस. सहज म्हणून आलीस, दोन दिवस राहिलीस. पहिल्या दिवशी नुसती माझ्या लॅबमध्ये स्टुलावर बसून होतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी तू बरणीतून एक कोरा फिल्टर काढलास, ज्यातून हवाच गेली नव्हती असा, आणि त्याचं वजन केलंस. दुपारी तीनला तोच फिल्टर पुन्हा तोललास. आकडे एका चिठ्ठीवर लिहून माझ्यासमोर सरकवलेस. चिडलीस किंवा फार गंभीर झालीस की तू अहिराणीत बोलायचीस. तेव्हाही हळूच म्हणालीस, "कोरा कागदवर धूय कोठून उनी वं?"

कोऱ्या कागदावर धूळ आलीच नव्हती. पाणी आलं होतं. शेजारच्या स्टाफरूममध्ये कूलर होता. तो कूलर मीच भांडून मिळवला होता, तीन अर्ज करून. दुपारी जेवणानंतर तो सुरू व्हायचा आणि मधल्या दाराच्या फटीतून ओली हवा माझ्या लॅबमध्ये यायची. कागद ती हवा पिऊन जड व्हायचा. आणि मी काय केलं होतं? थर दिलेल्या, आपल्या लाडक्या डिस्कचे फिल्टर मी सकाळी ताज्या डोक्याने तोलत होते. कोरे फिल्टर सगळे सकाळीच तोललेले, पण साध्या डिस्कचं नंतरचं वजन मी दुपारी उरकत होते. मला फसवायचं नव्हतं गं. आवडीचं काम आधी करायचं, एवढंच झालं होतं. साध्या डिस्कची म्हणून जी जास्तीची धूळ आपण छापायला पाठवली होती तिच्यातला मोठा भाग माझ्या कूलरचं पाणी होतं.

उन्हाळ्यात कूलर लावणं सोडून खान्देशातल्या माणसाने दुसरं काय करावं, हे मी म्हटलं. तू हसली नाहीस. म्हणालीस, पेपर मागे घ्यायचा. मी म्हटलं, पुढच्या पेपरात दुरुस्ती देऊ. तू म्हणालीस, चुकीच्या आकड्याला दुरुस्ती नसते. मी आबांच्या पांढऱ्या कपड्यांचं बोलले, फोटोचं बोलले, माझ्या बढतीचं बोलले. तू प्रत्येक वेळी तेच म्हणालीस. मग मी ते वाक्य बोलले.

"तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही, ज्योती."

तू चप्पल घातलीस आणि निघालीस. बसस्टँडवर सोडायला मी आले नाही. संध्याकाळी तू पेपर मागे घेण्याचं पत्र पाठवलंस, आणि त्यात चूक दोघींची आहे असं लिहिलंस. माझी एकटीची होती. तेही तेव्हा माझ्या डोक्यात गेलं, की ही उपकार करतेय.

त्यानंतर तीन महिने आपण बोललो नाही. जूनमध्ये फक्त एक मेसेज आला, दोन ओळींचा. पुन्हा करायचं. या वेळी आठ डिस्क मी तयार करीन, कुठल्या डिस्कवर काय केलंय ते तुला कळणार नाही, नावं मी टाकीन, सगळी मोजणी संपली की यादी समोरासमोर उघडू. मी "ठीक" एवढंच उत्तर दिलं. मला माहीत होतं तू बरोबर आहेस. कोणती डिस्क लाडकी हे माझ्या हाताला कळताच कामा नये. पण तुझ्याकडून डोळे बांधून घेणं मला झोंबत होतं.

श्रावण संपताना पार्सल आलं. धुळे-जळगाव एसटीच्या कंडक्टरने पोतडी हातात दिली आणि म्हणाला, "मॅडम, यात काय दगडी जातं आहे का?" आठ लोखंडी डिस्क, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, आणि प्रत्येकीच्या पाठीवर कोरलेलं एकेक नाव: धुळे, फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी, बांभोरी, जळगाव. तुझ्या घरापासून माझ्या घरापर्यंतचे बसचे थांबे. मी पोतडी तिथेच स्टँडवर उघडली आणि हसायला लागले. तोपर्यंत आपलं बोलणं सुरू झालं होतं, म्हणून हसता आलं.

ते बोलणं कसं सुरू झालं ते सांगायला हवं, कारण सगळं तिथेच येऊन अडतंय. आबा बागेतल्या पाटात पाय घसरून पडले होते. खुब्याचं हाड. जळगावात दवाखान्यात दाखल केलं आणि दुपारी त्यांना ऑपरेशनसाठी आत नेलं. भाऊ रस्त्यात होता, अजून पोचला नव्हता. मी पायरीवर बसले होते, हातात आबांचा चष्मा आणि कवळी रुमालात बांधलेली. आणि मला कुणाला फोन करावा ते कळेना. नंबर तुझाच लावला. लावल्यावर लक्षात आलं की आपण बोलत नाही.

तू पहिल्याच रिंगला उचललास. "बोल," म्हणालीस. मी रडायला लागले. तू विचारलंस, कुठला डॉक्टर, किती वाजता नेलं, रक्त लागेल का, तू जेवलीस का. मग आपण काय बोललो ते मला नीट आठवतही नाही. आबांनी तुला पहिल्यांदा वांग्याचं भरीत खायला घातलं आणि तू तिखटाने लाल झालीस, ते बोललो. एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला मी तुझी बीकर फोडली ते. कूलरचं कुणीच बोललं नाही. मी एकदा म्हटलं, "तुझं काम चाललं असेल." तू म्हणालीस, "काही नाही गं. मोकळीच आहे." भाऊ फाटकातून आत आला तेव्हा मी फोन ठेवला. चाळीस मिनिटं झाली होती. एवढ्या वेळात तुझी माफी मागायची राहिली. वाटलं, आता बोलणं सुरू झालंय, मागता येईल कधीही.

नंतर जवळजवळ दोन वर्षं मी त्या आठ डिस्क फिरवल्या. कूलर काढून टाकला, स्टाफरूमवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. प्रत्येक फिल्टरबरोबर एक कोरा फिल्टर तोलला. सगळी वजनं सकाळी, एकाच वेळेला. थरावर ब्लेडने बारीक चौकटी पाडून त्यावर चिकटपट्टी दाबायची, ओढायची, किती चौकटी पट्टीबरोबर निघून आल्या ते बघायचं, आणि पट्टी वहीत चिकटवायची. धुळे आणि जळगाव या दोन डिस्क साध्या होत्या, ते बघूनच कळत होतं. बाकी सहा दिसायला सारख्या. त्यांतली पाळधी पहिल्याच महिन्यात सोलली. पट्टीला जवळजवळ सगळ्याच चौकटी आल्या. फागणे, बांभोरी बऱ्या. पारोळा, एरंडोल ठीक.

आणि मुकटी. मुकटीची पट्टी कोरीच निघाली, दर वेळी. धूळ साध्या डिस्कच्या निम्म्याहून कमी. मी मशीन उघडून पाहिलं, पॅड बदललं, कोरे फिल्टर दहादा तोलले. आकडा हलेना. या वेळी ते पाणी नव्हतं.

ज्योती, हे मी तुला कधी सांगितलं? कधीच नाही. शेवटची मोजणी संपली त्यानंतर तीन आठवडे मी तुला सांगितलं नाही. तू दर रविवारी विचारायचीस, "झालं का?" मी म्हणायची, "होतंय." मी पुन्हा पुन्हा तोलत होते. मला तुझ्यासमोर असा आकडा ठेवायचा होता की तू चिठ्ठी सरकवूच शकणार नाहीस. तू स्टुलावर बसशील, सगळ्या वह्या बघशील आणि शेवटी मान हलवशील, हे मी मनात किती वेळा रंगवलं होतं. त्या तीन आठवड्यांच्या शेवटच्या सोमवारी अक्कांच्या शेजाऱ्यांचा फोन आला. तू कॉलेजचा जिना चढत होतीस म्हणे.

मोजणी संपल्याच्या दुसऱ्या दिवशीच मी तुला सांगितलं असतं तर तू त्या शनिवारी बसमध्ये बसली असतीस. यादी टेबलावर उघडली असती. आणि काल जे मी एकटीने वाचलं ते आपण दोघींनी वाचलं असतं. माझ्या गर्वाने आपल्याला तेवढंही मिळू दिलं नाही, आणि आता यावर माझ्या हातात करण्यासारखं काही नाही. मी खूप शोधलं. काही नाही.

तर यादी. अक्का स्वयंपाकघरात भाकरी टाकत होत्या. मी शिलाई मशीनजवळ खाली बसून वाचत होते. धुळे, जळगाव, साध्या. फागणे आणि बांभोरी, जाड थर. पारोळा आणि एरंडोल, मधला. मुकटी, पातळ थर, दोनदा भाजलेला. आणि त्याखाली तू लिहिलं होतंस: पाळधी, मुकटीसारखीच, सगळं तेच.

सगळं तेच. तू जोड्या केल्या होत्यास, मला न सांगता. दोन नावांची एकच डिस्क, म्हणजे माझी मोजणी खरी असेल तर दोन्हींचे आकडे जुळायला हवेत. बाकी जोड्या जुळल्या होत्या, अगदी छान जुळल्या होत्या, तू खूश झाली असतीस. फक्त ही एक नाही. आपली सगळ्यात चांगली डिस्क आणि सगळ्यात वाईट डिस्क एकच निघाली. एकदा धरतो आणि एकदा सुटतो असा थर असला तर तो शोध नाही, तो योगायोग आहे. मुकटीला आता काही अर्थ नाही, जोवर पाळधीचं काय झालं ते कळत नाही. चूक तुझ्या हातून झाली की माझ्या, आणि माझ्या असेल तर पुन्हा कुठल्या कूलरने फसवलं मला? मी तिथेच बसून तुझ्यावर चिडले. एवढी मोठी गोष्ट ठेवून जातं का कुणी?

मग पुस्तकांत शोधताना बाजूला काढून ठेवलेली तुझी कामाची वही उघडली. तू मिनिटामिनिटाची नोंद करायचीस. मला तुझा दहा मिनिटांचा नियम पाठ आहे. बिडाची डिस्क ॲसिटोनने पुसली की लोखंड उघडं पडतं, आणि उघडं लोखंड हवा लागताच गंजायला लागतं, डोळ्यांना दिसणार नाही इतकं. पावसाळ्यात तर फारच लवकर. म्हणून पुसल्यापासून दहा मिनिटांच्या आत पहिला थर बसलाच पाहिजे. तू किचनमधला टायमर लावून काम करायचीस. एकदा एका विद्यार्थिनीने बारा मिनिटं लावली तर तू ती डिस्क भंगारात टाकली होतीस.

त्या पानावर मुकटीची नोंद व्यवस्थित होती. पुसली, सात मिनिटांत थर. खाली पाळधी. ३.५५ पुसली. ३.५८, फोन. ४.४० थर दिला.

तारीख बघितली. मला बघायची गरज नव्हती, तरी बघितली. आबांच्या दवाखान्याच्या कागदावर तीच तारीख आहे.

मी वही घेऊन तशीच स्वयंपाकघराच्या दारात गेले. मी विचारलं, "अक्का, ज्योती काम करताना फोन घ्यायची का हो?" त्यांनी तव्यावरून मान वर न करता सांगितलं, "कोन्हाच नही ले. तुना फोन उना का मातर ती हातमधलं बठ्ठं टाकी दे. चुल्हावर दूध ऱ्हायनं तरी तिले ध्यान नही ऱ्हाये." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि भाकरी खाली उतरवली. "काय वं माय? काय व्हयनं?"

मी म्हटलं, काही नाही. त्यांना काय सांगणार होते, की तुमच्या मुलीने माझ्यासाठी दूध नाही, डिस्क उतू जाऊ दिली?

"मोकळीच आहे," म्हणाली होतीस. तुझ्यासमोर पुसलेली डिस्क उघडी पडली होती, शेजारी टायमर वाजून गप्प झाला असणार, आणि तू मला विचारत होतीस की मी जेवले का. तीन महिन्यांपूर्वी तुला तोंडावर जे बोलले होते त्यानंतर तू फोन नाही घेतला असतास तरी चाललं असतं. नुसतं म्हणाली असतीस, "कल्पना, पाच मिनिटांनी करते," तरी मला राग आला नसता. आला असता खरं तर. तेव्हा मला कशाचाही राग येत होता, आणि तुला ते माहीत होतं.

पण मग तू ती डिस्क भंगारात का नाही टाकलीस? हा प्रश्न मला काल रात्रीपासून सोडत नाहीये. बारा मिनिटांना फेकणारी तू, पंचेचाळीस मिनिटांनी थर देऊन, नाव कोरून, यादीत "सगळं तेच" लिहून मोकळी झालीस. विसरलीस? की बघायचं होतं काय होतं ते? की फोन ठेवल्यावर तूही माझ्यासारखीच बसून राहिलीस आणि हातांनी आपोआप काम उरकलं? आणि मुळात कारण हेच आहे का, की दुसरं काही? हे सांगणारं एकच माणूस होतं. वहीत "फोन" एवढाच शब्द आहे. कुणाचा, तेही लिहिलं नाहीस.

माझं नाव तिथे लिहिलं नाहीस, याचं मी काय करू ते मला कळत नाही. पुन्हा उपकार वाटायला पाहिजे होता मला. या वेळी वाटला नाही. नुसतं रडू आलं.

मी रात्री अक्कांकडेच राहिले. त्यांनी जेवायला वाढलं, तुझ्या खोलीत अंथरूण घातलं. सकाळी मी त्यांना विचारलं की मी पुन्हा डिस्क केल्या तर त्यांवर नावं टाकाल का, मला न सांगता. त्या म्हणाल्या, "माले त्यामधलं काही समजत नही." मी म्हटलं, म्हणूनच. त्यांनी चहाचं आधण ठेवलं. मग म्हणाल्या, "गावंसनी नावं चालतीन का? माले तेच येतस."

आता मी तुझ्या लॅबमध्ये आहे, ज्योती. तुझ्या सहकाऱ्यांनी दार उघडून दिलं आणि मला एकटीला सोडलं, चांगली माणसं आहेत. बाहेर तशीच दमट हवा आहे. तुझ्या कपाटातून एक कोरी डिस्क घेतली. तुझ्याच स्प्रेगनमध्ये मुकटीचंच मिश्रण भरून ठेवलं. डिस्क ॲसिटोनने पुसली, तुझ्या पद्धतीने, मधून कडेकडे, कापड दर फेरीला नवीन. आणि तुझा टायमर दहावर न लावता लावलाय त्रेचाळीसवर. तुझ्या वहीत पुसण्यापासून थरापर्यंत पंचेचाळीस मिनिटं आहेत. दोन मिनिटं मी गन हातात घेईपर्यंतची धरली. पाळधी खरंच यामुळे सोलली का, हे बघण्याचा माझ्याकडे दुसरा मार्ग नाही. एक चांगली डिस्क मुद्दाम समोर ठेवून ती खराब होऊ द्यायची.

फार वेळ असतो गं हा. मला तेव्हा कळलंच नव्हतं, मी बोलत होते. आज समोर डिस्क आहे आणि मला फोन करायला कुणी नाही. पहिली दहा मिनिटं संपत आली तसा हात शिवशिवायला लागला, वाटलं द्यावा थर, अजून वेळ गेली नाही. तुलाही वाटलं असेल. तू फोन कानाला धरून अशाच डिस्ककडे बघत राहिली असशील.

मग मी तुझ्या स्टुलावर बसले आणि त्या चाळीस मिनिटांत जे बोलायचं राहिलं होतं ते बोलले. मोठ्याने बोलले, कुणी नव्हतंच. चूक माझी एकटीची होती, ज्योती. तू पत्रात दोघींची लिहिलीस ते खोटं होतं, आणि तू आयुष्यात लिहिलेला तेवढाच एक खोटा आकडा असावा असं मला कालपर्यंत वाटत होतं. पाळधीपुढे "सगळं तेच" लिहिलंस तो दुसरा. दोन्ही माझ्यासाठी. मी जे बोलले होते ते मागे घेते. तुला माझं चांगलं झालेलं बघायचं होतं. मीच तीन आठवडे तुला बघू दिलं नाही.

टायमर वाजला. मी उठून डिस्क उजेडात धरली, तिरकी करून बघितली, चष्मा पुसून पुन्हा बघितली. कुठे काही दिसत नाही. पुसली तेव्हा होती तशीच आहे, स्वच्छ, चकचकीत. तुलाही ती अशीच दिसली असणार.

थर द्यायला घेते.